व्हेनिसला दोघंच जाताय? मग रात्री दहाला कुठे असणार ते आधी ठरवा

आमचं पहिलं व्हेनिस टूरवाल्यांबरोबर झालं, जेमतेम पाच तासांचं. बसमधून उतरवलं, बोटीत बसवलं, सान मार्कोच्या चौकात कबुतरं दाखवली, काच फुंकून घोडा बनवणारा माणूस दाखवला, गोंडोल्यात पाचपाच जण बसवून एक चक्कर मारून आणली आणि संध्याकाळी सहाच्या आत परत मेनलँडवरच्या हॉटेलात, जेवायला पनीर आणि जिरा राईस. नवऱ्याचं मत पडलं की छान आहे पण आपल्या दादरला पाणी भरतं तेव्हा असंच दिसतं. नंतर लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा लेकीला आईकडे ठेवून आम्ही दोघंच चार रात्री राहून आलो, यावेळी बेटावर, आणि तेव्हापासून तोच नवरा ऑफिसात सगळ्यांना व्हेनिस सांगत सुटलाय.

तर मैत्रिणी विचारतात हॉटेल कुठलं घेतलंस, नाव पाठव. नावाला काही अर्थ नाही गं. तिथे असं होतं की दिवसा जी तोबा गर्दी असते त्यातले बहुतेक लोक मुक्कामाला नसतातच, सकाळी दहाच्या सुमारास ट्रेनने, बसने, टूरने येतात आणि संध्याकाळी पाच-सहाला ओसरायला लागतात. जुन्या शहरात कायमची राहणारी माणसं आता पन्नास हजारांच्याही खाली आलीत. त्यामुळे रात्री नऊ-दहानंतर गल्ल्या रिकाम्या होतात, आणि गाडी, स्कूटर, रिक्षा हा प्रकारच नाही, पियाझ्झाले रोमा या बस थांबतात त्या चौकाच्या पुढे बसही जात नाही, म्हणजे आवाज कसला तर पाण्याचा आणि आपल्याच चपलांचा. रोमँटिक म्हणतात ते हे, दुपारी दोन वाजता रिआल्टो पुलावर सेल्फी स्टिकचा धक्का खाणं नव्हे. म्हणून जागा निवडताना एकच गोष्ट बघायची, रात्री दहाला आणि सकाळी सातला तुम्ही चालत कुठे असाल.

आता मेस्त्रे. बुकिंग साईटवर स्वस्त म्हणून जे काही दिसतं त्यातलं निम्मं मेस्त्रेमधलं असतं आणि पत्त्यात व्हेनिस लिहिलेलं असल्यामुळे लोक फसतात. कागदोपत्री ते खोटंही नाही, मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत आहे, पण ते समुद्राच्या अलीकडे, साधं गाव, रस्ते, गाड्या, सुपरमार्केट. तिथून बेटावरचं सांता लुचिया स्टेशन ट्रेनने दहा-बारा मिनिटं, तिकीट दीड युरोच्या आसपास, त्यामुळे हिशोब करणारा माणूस म्हणतो मग प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम असा की मी डोंबिवलीची, मला माहितीये शेवटच्या लोकलचं टेन्शन डोक्यात असलं की माणूस सिनेमाचा शेवटसुद्धा नीट बघत नाही. तिथेही तेच होतं, मध्यरात्रीनंतर गाड्या विरळ होतात आणि तुम्ही साडेनऊलाच घड्याळ बघायला लागता, म्हणजे नेमकं जेव्हा गाव छान व्हायला लागतं तेव्हा तुम्ही स्टेशनकडे. मुलंबाळं, आईवडील, मोठा ग्रुप असेल तर मेस्त्रे खुशाल घ्या, लिफ्ट मिळते, खोल्या मोठ्या असतात. दोघंच असाल आणि बजेट टाईट असेल तर चार रात्री मेस्त्रेत काढण्यापेक्षा दोनच रात्री बेटावर काढा आणि उरलेल्या दोन पादुआ किंवा व्हेरोना या जवळच्या शहरांत, ते मला जास्त पटतं.

बेटावर आलात की सहा भाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात. सान मार्को पहिलं डोक्यात येतं आणि तेच पहिलं सोडा. महाग, दिवसभर गर्दी, खोलीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की मास्क विकणारी दुकानं, आणि रात्री तिथे राहणारं फारसं कोणी नसल्यामुळे गंमत अशी की साधं जेवायचं ठिकाणही जवळ सापडत नाही. चौक बघायला रात्री अकराला चालत जा, रिकामा असतो, पण राहायला नको.

माझा कौल कान्नारेजोला. स्टेशनवरून बाहेर पडून डावीकडे वळलात की हाच भाग सुरू, ग्युल्ये पुलापर्यंत सपाट रस्ता, तिथवर सामान ओढत आरामात जाता येतं. पण स्टेशनजवळची लिस्ता दि स्पान्या ही गल्ली टाळा, ती म्हणजे स्टेशनबाहेरची लॉजची लाईन असते तसलीच. पूल ओलांडून आत गेलात की जुना घेट्टो, १५१६ साली ज्यूंना जिथे कोंडून ठेवलं होतं तो, घेट्टो हा शब्दच जगभर तिथून गेलाय, आणि त्याच्या पलीकडे ओर्मेझिनी आणि मिझेरिकोर्दिया हे कालव्याकाठचे लांब रस्ते. संध्याकाळी लोक ग्लास घेऊन थेट कालव्याच्या कडेला बसतात, सोबत चिकेत्ती म्हणजे छोटे छोटे ब्रेडचे तुकडे वर काहीतरी ठेवून, तीन-चार घेतले की आपल्यासारख्यांचं अर्धं जेवण होतं. शाकाहारी असाल तर वर काय आहे ते विचारूनच घ्या, निम्म्यांवर मासा असतो. आमची खोली इथेच होती, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या आजींची वाळत घातलेली चादर दिसायची, कालवा नाही दिसला तरी मला चाललं.

दोर्सोदुरो जरा देखणं आणि जरा महाग. झात्तेरे नावाचा लांबच्या लांब धक्का आहे तिथे, दक्षिणेकडे तोंड करून, समोर जुदेक्काचा रुंद कालवा, संध्याकाळी जेलातो घेऊन चालायला याच्यासारखी जागा नाही. फक्त सांता मार्गारिता चौकाच्या अगदी वर खोली घेऊ नका, युनिव्हर्सिटी जवळ आहे आणि पोरं रात्री उशिरापर्यंत तिथे असतात. सांता क्रोचेमध्ये सान जाकोमो दाल ओरिओचा चौक शोधा नकाशात, झाडं आहेत, बाकं आहेत, शाळा सुटलेली पोरं फुटबॉल खेळतात, तिथून स्टेशनही चालत. सान पोलो म्हणजे रिआल्टोचा बाजार, सकाळी भाजी आणि मासळी, किचनवालं अपार्टमेंट घेणार असाल तर मजा आहे. कास्तेल्लोचं पूर्वेचं टोक, व्हिया गारिबाल्दीच्या बाजूला, सगळ्यात शांत आणि खोल्या तुलनेने परवडतात, पण स्टेशनपासून लांब, वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या बससारख्या सार्वजनिक बोटीने, पाऊण तास धरा, आणि बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाचं उद्घाटन असेल त्या आठवड्यात तिथले भाव विचारूच नका. जुदेक्का पाण्यापलीकडे, समोर अख्खं सान मार्को दिसतं, फोटो भारी येतात, पण प्रत्येक वेळी बोट. लिदोला बीच आहे, पण रस्ते आणि गाड्याही आहेत, मग आलात कशाला.

बोटीवरून आठवलं, वापोरेत्तोचं एक तिकीट ७५ मिनिटांचं ९.५० युरो. दोघांचं जाऊन-येऊन ३८ युरो. पास २४ तासांचा २५, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५. म्हणून मध्यावर, चालत सगळीकडे जाता येईल अशी खोली तीस युरोनी महाग असली तरी ती खरं म्हणजे महाग नसते, हा हिशोब बुकिंग साईट मांडून देत नाही, तो आपण करायचा. आम्ही चार दिवसांत मोजून एक २४ तासांचा पास काढला, तो मुरानो-बुरानो या बेटांवर गेलो त्या दिवशी, बाकी सगळं पायी.

आता पूल. चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास सगळ्यांना पायऱ्या. मॅपवर सातशे मीटर दिसतं आणि मध्ये पाच पूल निघतात. आमच्याकडे २३ किलोची बॅग होती कारण मी साडी घेतली होती फोटोसाठी आणि नवऱ्याने दहा वेळा ऐकवलं. जिथे राहणार त्यांना आधीच मेसेज करून विचारा की जवळचा बोटीचा थांबा कुठला आणि थांब्यापासून दारापर्यंत पूल किती, हा प्रश्न तिथे अगदी नॉर्मल आहे. आणि गल्लीचं नाव मागून घ्या, कारण तिथला पत्ता म्हणजे भागाचं नाव आणि हजारातला नंबर, कान्नारेजो तीन हजार अमुक असा, आणि समोरासमोरच्या दोन घरांचे नंबर एकमेकांना ओळखतही नाहीत. एअरपोर्टवरून बस पियाझ्झाले रोमापर्यंत येते वीस-पंचवीस मिनिटांत, किंवा अलिलागुनाची बोट, हळू आहे पण पाण्यातून शहरात शिरतो आपण आणि फोंदामेंते नोव्हे या उत्तरेकडच्या काठाला किंवा कास्तेल्लोच्या बाजूला राहत असाल तर तीच सोयीची.

खोलीचं बघताना एक शब्द पाठ करा, मात्रिमोनियाले. आपल्याकडे मॅट्रिमोनियल म्हणजे स्थळांची साईट, तिकडे मात्रिमोनियाले म्हणजे डबल बेड. नुसतं दोप्पिया लिहिलं असेल तर दोन वेगवेगळे सिंगल बेड निघू शकतात, आणि अ‍ॅनिव्हर्सरीला मधे टेबल लॅम्प ठेवून झोपायची वेळ येते (आमच्या जवळच्या जोडप्याची आलीये, नाव सांगत नाही). लिफ्ट आहे का विचारा, जुन्या इमारतीत बहुतेक नसतेच. तळमजल्याची खोली शक्यतो नको, ओल असते. २०२० पासून समुद्राचं मोठं पाणी अडवायला मोझेचे दरवाजे उचलतात त्यामुळे पूर्वीसारखा पूर येत नाही, तरी भिंतींना दमट वास असतोच. कालव्याचा व्ह्यू हवा असेल तर घ्या, पण पहाटेपासून मालाच्या आणि कचऱ्याच्या बोटी तिथूनच जातात आणि उन्हाळ्यात डास, त्यामुळे एक रात्र व्ह्यूची हौस आणि बाकी रात्री आतल्या बाजूची खोली हेही चालतं. जून ते सप्टेंबर एसी आहे का ते बघाच. बाथरूमची काळजी करू नका, बिदे म्हणजे धुण्यासाठीचं वेगळं बेसिन असतो, इटलीत घराघरात तो असावा असा १९७५ पासून नियमच आहे, युरोपात फिरताना आपल्या लोकांना जे सगळ्यात जास्त खटकतं ते इथे निम्मं सुटतं. चहाची किटली मात्र बऱ्याच ठिकाणी नसते, छोटी घेऊन जा.

घरगुती जागा घेणार असाल तर जाहिरातीत सीआयएन नावाचा सरकारी नोंदणीचा कोड हवा, २०२५ पासून सक्तीचा आहे, तो नसेल तर सोडून द्या. पासपोर्ट मागतील, घाबरू नका, पोलिसांना कळवावंच लागतं त्यांना. सिटी टॅक्स वेगळा, दर माणशी दर रात्री, पहिल्या पाच रात्रींपर्यंत, आणि तो बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. २०२४ पासून ठराविक दिवशी, मुख्यतः वसंत आणि उन्हाळ्यातले वीकेंड, दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी आहे. व्हेनिस महापालिकेत मुक्काम असेल, मेस्त्रेसकट, तर ती माफ, पण माफीचा क्यूआर आधी काढून ठेवावा लागतो. पादुआला राहून दिवसाची चक्कर मारणार असाल तर भरावी लागते.

तारखांचं म्हणाल तर सहा जानेवारीनंतर कार्निव्हल सुरू होईपर्यंत आणि नोव्हेंबरमध्ये भाव खाली येतात, थंडी आणि धुकं असतं पण दोघांना धुक्यात काय वाईट आहे. वीकेंड टाळून रविवार ते गुरुवार घेतलंत तर तीच खोली बरीच स्वस्त पडते. व्हिसासाठी आधी फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करा, व्हिसा आला की मग नीट शोधून हवं ते घ्या.

आणि परतीची फ्लाईट पहाटेची असेल तर शेवटची रात्र पियाझ्झाले रोमाजवळ किंवा सरळ मेस्त्रेत काढा. आम्ही नाही काढली, पहाटे चारला बॅगा उचलून पूल चढत होतो, रस्त्यावर एक चिटपाखरू नाही, दिवे पाण्यात, आणि मी नवऱ्याला म्हटलं थांब ना दोन मिनिटं, तर तो म्हणाला आधी तुझी साडीची बॅग धर.