टाकळा की कासविंदा? फूल नको, पान बघा

पाऊस स्थिरावला की मुंबईत आरेच्या रस्त्याकडेला, रेल्वे रुळांलगत, पडीक प्लॉटवर गुडघाभर हिरवी रोपं उठतात आणि गणपतीच्या सुमारास त्यांना पिवळी फुलं येतात. बहुतेक जण फुलाचा फोटो काढून नाव विचारतात. पण टाकळा आणि कासविंदा दोघांचंही फूल पाच पाकळ्यांचं, पिवळंधमक; नुसत्या फोटोवरून खात्रीने सांगणं कठीण. शिवाय भाजीचा कोवळा टाकळा जून-जुलैत खुडतात, तेव्हा फूल नसतंच. म्हणून ओळख पानावरच करायला शिकावं.

पान खोडाच्या मधल्या भागातलं घ्या. शेंड्याचं अर्धवट उघडलेलं असतं आणि अगदी खालच्या पहिल्या पानांत पर्णिका, म्हणजे एकाच पानातल्या जोडीजोडीने लागलेल्या छोट्या पानोळ्या, कमी असू शकतात, तिथेच मोजणी चुकते. आता पर्णिकांच्या जोड्या मोजा. टाकळ्याला तीन. पर्णिकेचं टोक गोल, बुंध्यापेक्षा टोकाकडे जास्त रुंद. कासविंद्याला बहुधा चार ते सहा जोड्या, पर्णिका मोठ्या आणि टोकाला निमुळत्या, अणकुचीदार.

पावसाने झोडपलेल्या रोपावर एखादी जोडी गळून पडलेली असते, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. पान तिरपं धरून देठ उजेडात फिरवा. टाकळ्यात सर्वांत खालच्या जोडीच्या मधोमध काडीसारखी उभी, बारीक ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती पर्णिकांच्या मध्ये नसते; देठ खोडाला चिकटतो त्याच्या जरा वर, फुगीर, गडद टिंबासारखी बसलेली असते. डोळ्यांना दिसते, दहापट भिंग असेल तर उत्तम. पर्णिका मोजण्यापेक्षा ही खूण भरवशाची. संध्याकाळी पर्णिका मिटतात, म्हणून हे सगळं दिवसाउजेडीच बघा.

वासावर जाऊ नका. कासविंदा चुरगळला की उग्र वास येतो हे खरं, पण टाकळ्यालाही स्वतःचा वास आहे, आणि ज्याने दोन्ही शेजारी शेजारी हुंगलेले नाहीत त्याला फरक कळत नाही.

ऑक्टोबरपासून शेंगा आल्या की काम सोपं. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली, चार कडांची. कासविंद्याची चपटी, जेमतेम वाकलेली, वर वळलेली. पिकताना मधला भाग तपकिरी आणि कडा फिकट राहतात. पर्णिका अरुंद, जोड्या सहा-सात किंवा त्याहून जास्त आणि शेंग फुगीर, जवळजवळ गोल असेल, तर तो कासविंद्याचाच भाऊबंद, सेन्ना सोफेरा.

एवढी चिकित्सा कशासाठी? कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना झालेल्या, मेंदू, यकृत आणि स्नायू एकदम बिघडवणाऱ्या आजाराचा संबंध याच बियांशी लावला गेला. जनावरांच्या चाऱ्यात बिया गेल्या तर त्यांचेही स्नायू निकामी होतात. शेंगा आलेल्या झाडाजवळ मुलं खेळत असतील तर ओळख पटलेली बरी. आणि भाजीसाठी खुडताना एका जरी रोपाची शंका आली तर ते सोडून द्या.

आणखी बारकाईत जायचं असेल तर टाकळ्यातही दोन जाती आहेत. सेन्ना टोरात ग्रंथी खालच्या दोन जोड्यांमध्ये, प्रत्येकी एक. फुलाचा देठ आखूड. सेन्ना ऑब्टुसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत एकच ग्रंथी आणि देठ लांब. भाजीवालीला दोन्ही टाकळाच.

रुळांकडेची पिवळी तिळवणही कधीकधी यांच्यात गणली जाते. तिला चारच पाकळ्या, त्या सगळ्या वरच्या बाजूला वळलेल्या. तीन-पाच पर्णिका हाताच्या बोटांसारख्या एका बिंदूतून निघतात आणि सगळं झाड बोटांना चिकट लागतं. डोंगरउतारावरचा कवला तर फुलावरूनच वेगळा: ते वाटाण्याच्या फुलासारखं, पाकळ्या एकमेकींवर मिटलेल्या.

ओळख विचारायला कुणाला फोटो पाठवायचा असेल तर तीन हवेत: पूर्ण पान सपाट धरून, देठाचा ग्रंथीसह जवळून, आणि शेंग एक रुपयाच्या नाण्याशेजारी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र पान तोडू नका, तिथे वनस्पती तोडायला मनाई आहे. झाडावरच पान वळवून फोटो काढा.