गावठाणातली जुनी सिमेटरी कशी वाचावी

मुंबई शहर व्हायच्या आधी इथे जी गावं होती, त्यांची माणसं भेटतात ती गावठाणाच्या सिमेटरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत. जायला सर्वांत चांगला दिवस २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी घरोघरची माणसं कबर धुतात, फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. गोराई-मनोरीकडच्या गावांत अशा वेळी एखाद्या आजींशी घटकाभर बोललात, तर महिनाभराचं शोधकाम वाचतं. इतर दिवशी जाणार असाल तर आधी चर्चच्या कार्यालयात परवानगी घ्या. अंत्यविधी चालू असेल तर माघारी फिरा.

हात बसवायला शिवडीची मोठी दफनभूमी बरी. टिळकांचे सहकारी आणि १९२५-२६चे मुंबईचे महापौर काका बॅप्टिस्टा तिथे आहेत, व्हीटी स्टेशनचे वास्तुकार स्टीव्हन्सही. पण खरा आनंद अनोळखी नावांत आहे.

आता वाचन. दुपारच्या उन्हात झिजलेलं अक्षर दिसतच नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना जा. सावली असेल तर एखाद्या सोबत्याला आरसा धरायला सांगा आणि उजेड दगडावर बाजूने पाडा. खडू घासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको. शेवाळ फार असेल तर परवानगी घेऊन साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. जुन्या संगमरवरात शिशाची अक्षरं ठोकलेली असतात. शिसं गळून गेलं तरी ते धरून ठेवणारी बारीक भोकं उरतात. भोकांची मांडणी कागदावर उतरवून घेतली की अक्षर हळूहळू उभं राहतं.

पोर्तुगीज काळातल्या शिळेवर ‘सेपुल्तुरा दे’ (‘अमक्याची कबर’) असेल तर पुढे मालकाचं नाव येतं. ‘ए सेउस एरदेइरोस’ म्हणजे ‘आणि त्याचे वारस’. म्हणजे कबर एकाची नव्हे, घराण्याची. बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या दफनभूमीत मराठी आणि हिब्रू शेजारी-शेजारी दिसतात. हिब्रू वर्षातून ३७६० वजा करा, म्हणजे ५६६०चं १९०० होतं. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ३७६१. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं तर कोकणातलं मूळ गावच सांगतात.

एका दगडावर थांबू नका. मी पूर्ण रांग वहीत उतरवते: नाव, तारखा, कुणाची पत्नी, दगड कुणी बसवला, आणि खाली कोपऱ्यात कोरलेलं पाथरवटाचं नाव. मग तारखा बोलू लागतात. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचं निदान झालं. त्यानंतरच्या वर्षांत एकाच घरातली दोन-तीन नावं पाठोपाठ दिसली, तर गावठाणातला प्लेगचा क्रूसही शोधा, म्हणजे त्या साथीच्या काळात उभारलेला. १९१८चा सप्टेंबर-ऑक्टोबर इन्फ्लुएन्झाचा. तिथे वयं नीट बघा, बरीच तरुण असतात.

कबर सापडली नाही म्हणून हिरमुसू नका. जागेच्या टंचाईमुळे मुंबईत कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. म्हणून कुंपणाच्या भिंतीवरच्या छोट्या पाट्याही वाचा. त्यानंतर चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या पाहायला मिळतात का ते अदबीने विचारा.

शेवटी फोटोची प्रत काढून त्या घरी द्याच. एका पाटीवरचं शेवटचं अक्षर ‘आर’ की ‘बी’, हे मला भोकांवरून ठरत नव्हतं. त्या घरच्या मावशींनी फोटो खिडकीशी धरला, नाव पूर्ण वाचलं, आणि आत जाऊन त्याच नावाची चांदीची वाटी घेऊन आल्या.