जालियनवाला बागेत जाताय? मग "पटकन उरकू" हे डोक्यातून काढा

अमृतसरच्या टूरमध्ये बाग कशी बसवतात माहितीये ना, सकाळी सुवर्णमंदिर, लंगर, मग "बाग करून या पटकन, बस लागलीये", दुपारी वाघा. अर्धा तास मिळतो आणि त्यातला निम्मा फोटोत जातो. असं पाहिलं की काही पोचत नाही, आणि पोचलंच तर बसमध्ये अंताक्षरी चालू असताना पोचतं, ते त्याहून वाईट.

म्हणून माझं ऐका, सकाळी लवकर जा आणि बाग आधी, मंदिर नंतर. दोन्ही चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. बागेतून बाहेर आल्यावर कुठेतरी गप्प बसावंसं वाटतं, आणि सरोवराकाठी किती वेळ बसलात हे कुणी विचारत नाही.

जायच्या आधी थोडं वाचून जा, निदान एवढं तरी: १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस, डायरने ५० शिपायांना इशारा न देताच गोळ्या झाडायला लावल्या, साधारण दहा मिनिटं, १६५० राउंड. सरकारी आकडा ३७९ मृत, काँग्रेसच्या चौकशी समितीने हजाराच्या आसपास धरला (त्या समितीत आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं). रतनदेवी नावाच्या बाईंची साक्षही वाचा. कर्फ्यूमुळे मदतीला कुणी येईना, तर ही बाई रात्रभर नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसून होती, कुत्री हाकलायला हातात बांबूची काठी घेऊन. फक्त हे रात्री झोपताना वाचू नका, झोप लागत नाही.

आत जायची गल्ली. २०२१ च्या नूतनीकरणात तिच्या भिंतींवर हसऱ्या माणसांची शिल्पं बसवलीत, त्यावर बरीच टीका झाली आणि मलाही ती अजिबात पटत नाहीत. शिल्पं सोडा, गल्लीची रुंदी बघा. डायरच्या चिलखती गाड्या इथून आत जाऊ शकल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या, आणि गेल्या असत्या तर मशीनगन वापरल्या असत्या का या प्रश्नाला सरकारने नेमलेल्या चौकशीत, म्हणजे हंटर कमिशनसमोर, त्याने बहुधा हो असंच उत्तर दिलं. हे डोक्यात ठेवून चाला, ती गल्ली वेगळीच वाटते.

भिंतीवर गोळ्यांच्या खुणांभोवती पांढरे चौकोन आखलेत. सगळे मोजत बसू नका, एकासमोर थांबा आणि ती खूण आपल्या अंगावर कुठे येते बघा, खांद्याला, छातीला, की सोबतच्या पोराच्या डोक्याला.

मग रडू येईल, किंवा गोळ्यांपासून वाचायला लोकांनी जिच्यात उड्या मारल्या त्या विहिरीपाशी सेल्फी काढणाऱ्यांचा भयंकर राग येईल, किंवा चक्क काहीच वाटणार नाही. हिरवळ आहे, पोरं पळतायत, बागच वाटते हो ती! काही वाटलं नाही म्हणून स्वतःला कोसू नका, कधीकधी ते दोन दिवसांनी वर येतं. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर त्या माणसाला विहिरीपाशी ओढत नेऊ नका, बसू दे बाहेर, सगळं बघितलंच पाहिजे असा काही नियम नाहीये.

मुलं सोबत असतील तर आदल्या दिवशीच साध्या शब्दांत सांगून ठेवा. आणि मूल विचारणारच, गोळ्या झाडणारे कोण होते? खरं सांगा, हुकूम इंग्रजाचा होता पण बंदुका धरलेले गुरखे वगैरे त्यांच्या हिंदुस्थानी फौजेतलेच होते. पुढचे प्रश्न अवघड येतील, येऊ देत, "मोठा झालास की कळेल" करून गप्प करू नका.

वाघा त्याच दिवशी नकोच, त्या घोषणा आणि शिट्ट्यांत सगळं वाहून जातं. टाउन हॉलमधलं पार्टिशन म्युझियमही जवळच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी ठेवा, एका दिवसात दोन्ही केलं की दुसरं नुसतं डोळ्यांनी बघितलं जातं. आणि तिसरा दिवस हातात असेल तर घुमानला जाऊन या, आपल्या नामदेवांचं घुमान, अमृतसरहून गाडीने सहज जाऊन येण्यासारखं आहे.