गुठळी नव्हे, गाठ

रेडिओलॉजीत नव्याने आलेल्या रेसिडेंटना मी पहिल्याच आठवड्यात एक सीटी उघडून देते. पांढऱ्याशुभ्र कॉन्ट्रास्टमध्ये (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेत सोडलेल्या द्रवात), फुप्फुसाच्या मुख्य धमनीत अडकलेला एक करडा भाग. बहुतेक जण लगेच म्हणतात, "पल्मोनरी एम्बोलिझम," म्हणजे वाहत येऊन फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. मीही तेच लिहिलं होतं.

तेव्हा मी इंदूरला रेसिडेंट होते. रात्रीच्या ड्यूटीला रामबागेतल्या एक काकू आल्या, धाप लागते म्हणून. मी मराठीत बोलले तशा मोकळ्या झाल्या. टेबलावर आडवं होता होता म्हणाल्या, "दोन महिन्यांत ब्लाऊज सगळे ढिले होऊन गेले गं. अंगात बारीक तापही राहतो." मी "हो काकू" म्हणत कॅन्युला तपासली आणि पुढच्या कामाला लागले. रिपोर्ट गेला, रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या त्या व्हीलचेअरवर. औषध एकदाही चुकवलं नव्हतं, तरी करडा भाग वाढला होता. दोन्ही सीटी शेजारी लावल्या आणि पोटात धस्स झालं. पहिल्या सीटीतही सगळं दिसत होतं.

गुठळी वाहत येऊन अडकते, त्यामुळे ती बहुधा धमनीला फांद्या फुटतात तिथे सापडते, पुष्कळदा दोन्ही फुप्फुसांत. काकूंचा भाग एकाच बाजूचा होता, धमनी काठोकाठ भरून तिला फुगवणारा. हृदयाकडची त्याची कड गोलसर, पुढे आलेली होती आणि तो मागे पार पल्मोनरी झडपेपर्यंत पोचला होता. पायांच्या शिरांत गुठळी शोधणारी सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, स्वच्छ होती. एवढ्यावरून एम्बोलिझम नाकारता येत नाही, पण हे सगळं एकत्र दिसलं की थांबायला हवं.

हा धमनीच्या आतल्या अस्तरातून उगवणारा कर्करोग, इंटिमल सार्कोमा. अशा गाठीचं पहिलं वर्णन मँडेलस्टाम यांनी १९२३ मध्ये केलं, तेही शवविच्छेदनातून. आजही निदान उशिरा होतं, कारण धाप, छातीत दुखणं, खोकला ही लक्षणं एम्बोलिझमचीच. डी-डायमर या गुठळी सुचवणाऱ्या रक्ततपासणीवर विसंबू नका. गाठीवर गुठळी बसली तर तोही वाढतो. गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, म्हणून ती कॉन्ट्रास्ट घेते. पण सीटी अँजिओत कॉन्ट्रास्ट सोडल्या सोडल्या चित्र घेतात, त्या घाईच्या टप्प्यात ते दिसेलच असं नाही. शंका आली तर उशिराचा फेज (थोडं थांबून घेतलेलं चित्र) किंवा एमआरआय मागा. पेट स्कॅनमध्ये (पेशी किती साखर वापरतात ते दाखवणाऱ्या तपासणीत) गाठ सहसा उजळते, पण उजळली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शेवटचा शब्द बायोप्सीचा. तिथे एमडीएम२ जीनच्या प्रती वाढलेल्या सापडल्या, तर इंटिमल सार्कोमाला मोठा आधार मिळतो.

काकूंना शस्त्रक्रियेसाठी मुंबईला पाठवलं. सहा आठवडे आधी पाठवता आलं असतं, हे मला अजून सलतं.

म्हणून कॉन्ट्रास्ट सोडण्याआधी पेशंटला स्वतः विचारा: वजन उतरलंय का, ताप येतो का? उत्तर फॉर्मवर तिथल्या तिथे लिहा. आणि कड संशयास्पद वाटली तर रिपोर्टच्या शेवटी स्पष्ट लिहा: 'सार्कोमाची शक्यता विचारात घ्यावी, औषधांनी फरक न पडल्यास लवकर पुन्हा तपासणी.' मग वॉर्डात फोन करून हेच तोंडीही सांगा; रात्रीचा रिपोर्ट सकाळपर्यंत कुणी वाचलेला नसतो.