स्टाफ नोटेशनमध्ये लय आणि सूचना लिहिताना

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, संगणकावर उतरवून देण्याच्या माझ्या पहिल्याच कामात एक चूक झाली. चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या सुरुवातीला ‘अॅलेग्रो’ (जलद) हा शब्द मी म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-टी दाबून साध्या स्टाफ टेक्स्टमध्ये टंकला आणि तो मोठा व ठळक केला. पूर्ण स्कोअरमध्ये, म्हणजे सर्व वाद्यांच्या एकत्रित प्रतीत, तो लयसूचनेसारखाच दिसत होता. परंतु स्टाफ टेक्स्ट ज्या वाद्याच्या ओळीला (स्टाफला) जोडलेला असतो, त्याच वाद्याच्या पार्टमध्ये, म्हणजे त्या वादकाच्या वेगळ्या प्रतीत, छापला जातो, त्यामुळे पहिले व्हायोलिन वाजवणाऱ्याखेरीज उरलेल्या तिघांच्या कागदावर लयीचा उल्लेखच नव्हता. हे तालमीत उघडकीस आले.

म्हणून नवोदितांनी मजकुराचे रूप ठरवण्याआधी त्याचा प्रकार ठरवावा. लयसूचना ऑल्ट-शिफ्ट-टी दाबून लिहिली की ती प्रत्येक पार्टमध्ये जाते. ‘पिझिकाटो’सारखी (तार बोटाने छेडण्याची) एका वाद्यापुरती सूचना स्टाफ टेक्स्टमध्ये, तर सर्व वादकांसाठीची इतर सूचना कंट्रोल-शिफ्ट-टीने सिस्टिम टेक्स्टमध्ये लिहावी. रूपाचे संकेतही ठरलेले आहेत: लयसूचना सर्वांत वरच्या ओळीच्या वर, सरळ आणि ठळक अक्षरात, वादनाच्या तंत्राची सूचना सरळ, साध्या अक्षरात, ‘डोल्चे’सारखा (मधुरपणे) भावदर्शक शब्द तिरप्या अक्षरात. आकार बदलायचा असल्यास एकेक शब्द निवडून बदलू नये, फॉरमॅट मेनूतील स्टाईलमध्ये त्या प्रकाराची शैलीच बदलावी. पार्टची शैली मात्र स्कोअरपासून स्वतंत्र असते. एका पार्टमध्ये केलेला बदल तेथील स्टाईलच्या चौकटीतल्या बटणाने सर्व पार्टना लागू करता येतो, आणि हे बटण माझ्या लक्षात फार उशिरा आले.

लयीचा आकडा लिहिताना स्वरचिन्हाकडे विशेष लक्ष द्यावे. दादऱ्यातील गीत सहा-अष्टमांश मापात लिहिले, तर त्याचे दोन ठोके डॉटेड क्रॉचेटचे (टिंब जोडलेला पाव स्वर, म्हणजे दीड क्रॉचेट) असतात. तेथे ‘डॉटेड क्रॉचेट = ६०’ऐवजी नुसते ‘क्रॉचेट = ६०’ लिहिले गेले, तर मिनिटाला ६० ऐवजी ४० ठोके पडतात आणि गीत पार रेंगाळते. ‘विलंबित’ किंवा ‘द्रुत’ हे शब्द लयसूचनेत अवश्य लिहावेत, आपल्या गायकांना ते आकड्यापेक्षा अधिक सांगतात; पण सॉफ्टवेअरला त्यांचा अर्थ कळत नाही, तेव्हा संगणकावर योग्य गतीने ऐकण्यासाठी शेजारी आकडा द्यावा. आकडा छापायचा नसेल, तर तेवढीच वेगळी लयसूचना लिहून ती व्ही दाबून अदृश्य करावी. गती कायम राहते.

गीताचे बोल देवनागरीत असतील, तर बोलांच्या शैलीत देवनागरीचाच फॉन्ट निवडावा. मी मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्त’ वापरते. पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरे तपासावीत, आणि त्याच वेळी प्रत्येक पार्ट उघडून त्याच्या पहिल्या ओळीवर लय लिहिलेली आहे ना, हे पाहावे.