'मी कुठल्या टाइपचा?' : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

बेळगावात एमबीबीएसला आलेली निपाणी-खानापूरकडची मुलं हॉस्टेलवर हमखास विचारतात, "दादा, मी व्हिज्युअल की ऑडिटरी?" कुणीतरी ग्रुपवर 'वार्क'ची प्रश्नावली टाकलेली असते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ती. बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि हाताने करून, असे शिकण्याचे चार कल त्यात धरले आहेत. भरायला मजा येते, भरा. पण निकाल बघून "मी ऐकणारा, मला आकृत्या जमत नाहीत" असं ठरवून बसू नका. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा कलाप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. पुढे इंडियाना विद्यापीठात तर अ‍ॅनाटॉमीच्याच मुलांची पाहणी झाली. बहुतेकांचा अभ्यास कलाला धरून नव्हताच, आणि ज्यांचा होता त्यांनाही मार्क काही जास्त नव्हते.

माझ्या मते पद्धत विषय ठरवतो. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, घ्या. सी-5 ते टी-1 ही मुळं, त्यांचे तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड. आकृती नुसती बघत बसलात तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंड उघडत नाही. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर काढा, मग उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. हिस्टॉलॉजीला, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाला, मायक्रोस्कोपवर डोळे झिजवण्याला पर्याय नाही. डिसेक्शनला, म्हणजे मृतदेह उघडून शिकताना, मागच्या रांगेत उभं राहू नका, वास सगळ्यांनाच येतो. कार्डियाक सायकल, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात काय काय घडतं ते, मात्र मोठ्याने समजावून सांगितल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

वाचण्यापेक्षा आठवण्यावर माझा भर का, तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून पाहिलेल्यांच्या जास्त लक्षात होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी आधी रूममेटला मराठीत समजवावं, संज्ञा तेवढ्या इंग्रजीत. लगेच तेच उत्तर इंग्रजीत मोठ्याने म्हणावं, कारण व्हायव्हा इंग्रजीतच. ही दुसरी पायरी गाळली की अडतं.

आणि कन्नड. चंदगड-खानापूरचा पेशंट तुमच्याशी मराठीत बोलेल, गोकाक-सौंदत्तीची आजी बोलणार नाही. नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पेशंटची गाठ पडते, त्यामुळे वॉर्डातल्या पोस्टिंगची वाट बघू नका. कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का, उलटी झाली का, एवढी वाक्यं कन्नड मित्राकडून वहीत उतरवून घ्या आणि जेवताना त्यालाच पेशंट करून विचारत राहा. तो उत्तरं घाईघाईत, गावाकडच्या बोलीत देईल, तशीच देऊ द्या.