महालक्ष्म्यांचा फुलोरा: करायचा कसा, बघायचा कधी

विदर्भात महालक्ष्म्यांच्या (म्हणजे ज्येष्ठागौरींच्या) डोक्यावर तळणाचा फुलोरा टांगतात: करंज्या, पापड्या, पिठाचीच वेणी, फणी. सगळा फुलोरा टिकतो तो पिठावर आणि भोकावर.

अर्धा किलो मैद्याला एक वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ, चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. टांगायच्या पापड्यांत साखर-गूळ नकोच. भादव्याच्या दमट हवेत गोड पापडी ओल धरते, मऊ पडते आणि दोऱ्यातून फाटून खाली येते.

पापडी पुरीपेक्षा जाड लाटा, सुरीने टोचा म्हणजे फुगणार नाही. भोक तळण्याआधीच पाडा, काठापासून बोटभर आत, पेन्सिल जाईल एवढं. तळताना ते आकसतं. तळल्यावर पाडायला गेलं की पापडी तडकलीच समजा. करंजीचं भोक मात्र मुरडीच्या काठातच, नाहीतर सारण तेलात सुटतं.

आच मंद. मोठ्या आचेवर वरून लाल, आतून कच्ची राहते आणि रात्रीतून मऊ पडते. पूर्ण गार झाल्यावर जाड सुती दोऱ्यात ओवा. बारीक नायलॉन काठ कापतो. फुलोरा ज्या काठीला टांगायचा, तिच्या दोन्ही टोकांना जड करंज्या सारख्या, समईपासून हातभर दूर.

दुसऱ्यांकडचा फुलोरा बघायला ज्येष्ठा नक्षत्राच्या, म्हणजे पूजनाच्या संध्याकाळी जा. दुपारी पंगतींची धावपळ असते. फोटो विचारून काढा, फुलोऱ्याला हात लावू नका. बहुतेक घरी तो विसर्जनाला उतरवून प्रसाद म्हणून वाटतात.